राहू दे, ओळखीचं असन!

झनकलाल काकाजींनी मला आयुष्यातला पहिला पुष्पगुच्छ दिला, तो आमच्या घरी गॅसचं सिलिंडर आलं म्हणून.

लग्नात कोणी दिला नव्हता. मुलगी झाली तेव्हाही नाही. आमच्या ह्यांचं तर विचारूच नका. संसाराला इतकी वर्षं झाली, पण कोथिंबिरीच्या जुडीपलीकडे या माणसानं माझ्या हातात कधी काही हिरवं ठेवलेलं नाही. तर त्या दिवशी सिलिंडर आलं. चुलीवर धूर खाऊन माझे डोळे सुजले होते आणि तोंडही सुटलं होतं. गाडीवाला सिलिंडर ठेवून वळतो न वळतो तोच भिंतीपलीकडून हाक आली, "सुनबाईऽऽ! त्याले जाऊ नको देऊ! थांबव त्याले!"

मला वाटलं, सिलिंडर गळत असेल, नाहीतर गाडीवाल्यानं काहीतरी भानगड केली असेल. मी पदर खोचून धावले. काकाजी हातात दोन गुच्छ घेऊन लगबगीनं फाटकातून आत आले. एक गाडीवाल्याला दिला, एक मला. आणि म्हणाले, "अभिनंदन!" इतक्या मोठ्यानं म्हणाले की समोरच्या घरातली बाई कोण पास झालं ते बघायला बाहेर आली.

गुच्छात झेंडूची दोन फुलं होती. दोडक्याची पिवळी फुलं होती, कुरडूचे गुलाबी तुरे होते, मधोमध धानाची एक लोंबी होती आणि सगळ्यांच्या वर मोठ्या दिमाखात बेशरमाचं जांभळं फूल होतं. बेशरम म्हणजे आमच्याकडे नाल्याकाठी माजणारं झुडूप. तोडा, फेका, जिथं पडेल तिथं मूळ धरते, म्हणून त्याचं नाव बेशरम. लोक त्याचं कुंपण करतात, कारण जनावरही त्याला तोंड लावत नाही. ते फूल हातात देऊन कोणी आपलं अभिनंदन करेल, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. गुच्छात मुंग्याही होत्या. संध्याकाळपर्यंत त्या साखरेच्या डब्यात पोचल्या.

काकाजी आमचे शेजारी, गोंदियाजवळच्या गोरेगावातले. मधे एक भिंत, तीही कमरेएवढी. त्यांची सगळी हयात राइस मिलमध्ये गेली. धान भरडणाऱ्या हलरशेजारी उभं राहून बोलायचं म्हणजे ओरडायचं, नाहीतर समोरच्याला नुसते ओठ हलताना दिसतात. मिलची नोकरी संपली, आवाज मात्र तिथलाच राहिला. ते कुजबुजले तरी बाजाराच्या रस्त्यापर्यंत ऐकू जाते. फोनवर भिलाईच्या लेकीला सांगितलेलं गुपित अख्ख्या वॉर्डाला माहीत असते. आमचे हे म्हणतात, "काकाजींना फोन कायले लागते? भिलाईपर्यंत तसंच पोचत असन."

तर हे काकाजी गुच्छ देतात. कोणालाही देतात, कशासाठीही देतात. लाईन गेली आणि लाईनमन खांबावरून उतरला की खाली काकाजी गुच्छ घेऊन उभे. गोंदियाची बस वेळेवर आली की ड्रायव्हरला गुच्छ. कंडक्टर म्हणाला, "काका, मले?" तर म्हणाले, "सुट्टे पैसे देशीन त्या दिवशी तुले." बाजारात एका बाईनं वांगी नीट तोलली, लगेच तिला गुच्छ. त्या बाईनं तो वांग्यांच्या ढिगावर ठेवला आणि दिवसभर गिऱ्हाईक त्याचाच भाव विचारत राहिलं, असं तिनं मला स्वतः सांगितलं.

एकदा गवळ्याच्या म्हशीला पारडू झालं. काकाजी तिलाही गुच्छ घेऊन गेले. म्हशीनं झेंडू खाल्ला, दोडका खाल्ला, लोंबी खाल्ली आणि बेशरम तेवढं बाजूला ठेवलं. गवळी ओशाळला. काकाजी म्हणाले, "खाल्लं म्हणजे आवडलं ना जी! मानसं तं खातबी नाही."

आता गुच्छ बांधायला काहीतरी लागतेच. मी घरी मशीनवर फॉल-पिको करते, ब्लाऊज शिवते. कातरणं उरतात. काकाजी रोज सकाळी भिंतीवरून हात पसरतात, "सुनबाई, चिंधी दे." मी देते. यानं एकदा माझी चांगलीच फजिती झाली. पंधरा ऑगस्टला झेंडा झाला, जिलेबी झाली आणि काकाजी न बोलावता स्टेजवर चढले. शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंना त्यांनी गुच्छ दिला. बाईंनी हसून घेतला, फोटो काढला. मग त्यांची नजर गुच्छ बांधलेल्या पट्टीवर गेली. ती त्यांच्याच ब्लाऊजपीसची होती. आणि मी त्यांना आठच दिवसांपूर्वी सांगितलं होतं की बाई, कापड कमी पडलं, बाह्या आखूड झाल्या.

कार्यक्रम आटोपल्यावर बाई गुच्छ घेऊन माझ्या दारात. मी ततपप करून राहिले. काकाजी भिंतीपलीकडून म्हणाले, "बाई, तुमचं होतं, तुमच्यापाशीच आलं. यात गेलं कोनाचं?" बाई गुच्छ घेऊनच परत गेल्या. तेव्हापासून माझ्या गिऱ्हाईक बाया ब्लाऊज न्यायला आल्या की आधी काकाजींच्या ओट्यावरचे गुच्छ पाहून येतात.

पण गुच्छ ही या माणसाची अर्धीच तऱ्हा. उरलेली अर्धी म्हणजे ती बाग.

बाग म्हणायचं काकाजींनी. बाकीचे सगळे जंगल म्हणतात. घरापासून रस्त्यापर्यंत चांगलं मोठं आंगण आहे आणि त्यात पाय ठेवायला जागा नाही. कण्हेर आहे, जास्वंद आहे, मोगरा आहे. त्यांच्या अंगावर दोडका चढलेला, दोडक्यावर गोकर्ण. खाली तरोटा, कुरडू, आघाडा, गाजरगवत, आणखी काय काय. भिंतीला लागून बेशरम. घरात शिरायला वाकून जावं लागते. पोस्टमन रस्त्यावरूनच ओरडतो.

त्या बेशरमाची हकीकत सांगायलाच पाहिजे. पूर्वी आमच्या दोन घरांच्या मधे भिंत नव्हती, आमच्याकडून बेशरमाचं कुंपण होतं. भिंत बांधली तेव्हा ह्यांनी ते उपटलं आणि दोन-चार फांद्या, आळस, दुसरं काय, भिंतीपलीकडे फेकून दिल्या. म्हणाले, "तिकडे एवढी झाडं आहेत, काय फरक पडते?" त्या फांद्यांनी मूळ धरलं. आता ते झुडूप आमच्या भिंतीवरून उलटं आमच्याचकडे पाहत असते.

लोकांनी काकाजींना सांगून पाहिलं. मच्छर होतात, साप निघतात. आमचे हे कृषी केंद्रात कामाला आहेत, तणनाशकाचे डबे यांच्या हाताखालून जातात. यांनी कितीदा म्हटलं, "काकाजी, एक फवारा मारून देतो. फुकट! आठ दिवसांत आंगण साफ." काकाजींचं उत्तर ठरलेलं. एक हात वर करायचा आणि म्हणायचं, "राहू दे जी. ओळखीचं असन."

गाजरगवत ओळखीचं असन! मी म्हटलं, काकाजी, हे गवत अंगाला लागलं तर खाज सुटते. तर म्हणाले, "ओळखीच्या मानसाचीबी खाज सुटते कधी कधी. म्हनून काय उपटून फेकतो का?" एकदा आंगणातून धामण निघाली. पोट्टे काठ्या घेऊन धावले. काकाजी आडवे झाले, "राहू द्या बे! ओळखीची असन!" सापाची ओळख ऐकून पोट्टे हसून हसून खाली बसले आणि तेवढ्यात धामण आपल्या वाटेनं निघून गेली.

गावानं एक ठरवून टाकलं होतं की देवका काकी गेल्यापासून म्हाताऱ्याचा पुर्जा ढिला झाला. मीही मनातून तेच धरून होते.

देवका काकी म्हणजे त्यांची बायको. ती बाग मुळात काकींची. काकी कुठेही गेल्या, लग्नाला, तेरवीला, मंडईच्या जत्रेला, दवाखान्यात, की येताना पदराखाली एखादी फांदी असायचीच. मागून आणलेली नाही. मागून आणलेली फांदी लागत नाही, चोरूनच आणावी लागते, असं त्यांचं ठाम मत. तेव्हा ते आंगण असं लख्ख असायचं की पाहत राहावं. आणि काकाजी? काकाजी मिलमधून कोंड्यानं पांढरे होऊन यायचे, सायकल थेट मोगऱ्यावर टेकवायचे आणि आत जाऊन झोपायचे. काकी ओरडायच्या, "सायकल पाहून ठेवत जा जी!" आतून आवाज यायचा, "कचऱ्यातच तं ठेवली!" बागेला ते कचराच म्हणायचे. काकी आठ दिवसांच्या तापात गेल्या. त्यानंतर काकाजींनी सायकल कायमची रस्त्यावर ठेवायला सुरुवात केली, ते माझ्या लक्षात आलं होतं. पण त्याचा अर्थ काही मी लावला नाही. शिवणकामात माणसाला अर्थ लावायला वेळ कुठं असतो!

तर यंदा दिवाळी झाली, धान कापून झाले, मंडईचे दिवस सुरू झाले आणि काकाजींच्या नातीचं जमलं. लेक हेमाताई भिलाईला, तिची ही पोरगी प्राची. मुलगा तिरोड्याचा. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, कुठं करायचं यावर दोन्हीकडून फोन सुरू झाले. काकाजींनी फोनवर जाहीर केलं, "माह्या आंगनात करा! नातीचं साक्षगंध आजाच्या आंगनात नाही करान, तं कोठी करान?" हे आम्ही सगळ्यांनीच ऐकलं. सगळ्या वॉर्डाला आमंत्रणही त्यातच मिळून गेलं.

काकाजींचा आनंद काय सांगू! त्या आठवड्यात त्यांनी इतके गुच्छ वाटले की माझी कातरणं संपली. पण माणूस आनंदात असला की पुढचं पाहत नाही. आंगणात साक्षगंध म्हणजे आंगणात मंडप आणि मंडप म्हणजे आंगण मोकळं पाहिजे, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

ते हेमाताईच्या डोक्यात आलं. ती भिलाईहून आली, फाटकापाशी उभी राहिली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बाबूजी, ये क्या हाल करके रखा है! लडकेवाले आएंगे तो पहले मच्छर स्वागत करेंगे." भिलाईत राहून तिची भाषा बदलली, पण कमरेवर हात ठेवायची पद्धत हुबेहूब काकींची. तिनं त्याच दिवशी जेसीबी ठरवला. साफ करायचं, मुरूम टाकायचा, वर फरशी बसवायची. "आपल्याला पण बरं होईल ना बाबूजी, कितना खुला लगेगा!"

काकाजी म्हणाले, "हाव."

एवढंच. आणि हळू. मी मशीनवर होते, मला नीट ऐकूसुद्धा आलं नाही. मी मशीन थांबवलं.

त्यानंतर काकाजींनी गुच्छ बांधणं बंद केलं. लाईनमन खांबावर चढला, उतरला, इकडेतिकडे पाहत थोडा वेळ थांबला आणि रिकाम्या हातानं निघून गेला. सकाळी भिंतीवरून चिंधीसाठी हात आला नाही. एके दिवशी पाहते तर काकाजी सुतळी घेऊन आंगण मोजत होते. सुतळी कण्हेरीला अडायची, मग जास्वंदीला अडायची. मला म्हणाले, "सुनबाई, मंडप केवढा लागते वं? ल्हानसा नाही होत?"

"काकाजी, तुम्ही ताईंना नाही म्हणून का नाही सांगत?"

"मीच बोललो ना, आंगनात करा. एकुलती एक लेक. कधी काही मांगलं नाही तिनं." मग सुतळी गुंडाळत म्हणाले, "आता कोन्या तोंडानं नाही म्हनू?"

मी ह्यांना सांगितलं, तर हे म्हणाले, "मी फुकट फवारा मारून देत होतो, तेव्हा ऐकलं असतं तर जेसीबीचे पैसे वाचले असते." असा हा माणूस. मी त्या रात्री यांना मुद्दाम अळणी भाजी वाढली.

जेसीबी आला तो सकाळी, चहाच्या वेळेला. पिवळं धूड फाटकासमोर धडधडत उभं राहिलं. वर भरघोस मिशांचा ड्रायव्हर. अख्खा वॉर्ड जमला, कारण आमच्याकडे जेसीबी चालताना पाहणं यासारखी दुसरी फुकटची करमणूक नाही. हेमाताई हातवारे करून सांगत होती, इधर से शुरू करो, वो झाडी पहले निकालो. ड्रायव्हरनं लोखंडी पंजा उचलला.

आणि काकाजी आंगणातून वाकून बाहेर आले. हातात गुच्छ. बऱ्याच दिवसांनी बांधलेला, चांगला घसघशीत. मशीनच्या चाकावर पाय देऊन ते वर चढले आणि ड्रायव्हरच्या हातात गुच्छ दिला. अभिनंदन वगैरे काही म्हणाले नाहीत. नुसता दिला.

ड्रायव्हर गोंधळला. "मेरे को?" त्यानं गुच्छाकडे पाहिलं, काकाजींकडे पाहिलं. "काका, हम जहाँ जाते हैं, लोग गाली देते हैं. फूल तो किसीने नहीं दिया." आणि त्यानं मशीन बंद केलं.

एकदम शांत झालं. इतकं, की आमच्या घरातली कुकरची शिट्टी लोकांना ऐकू आली.

हेमाताई चिडली. "बाबूजी, ये क्या तमाशा है? काऊन असं करता तुम्ही?" रागावली की तिची मराठी परत येते.

काकाजी खाली उतरले. त्यांनी लेकीचा हात धरला आणि बोलायला लागले. त्या एका 'हाव'पलीकडे मी त्या माणसाला कधी हळू बोलताना ऐकलं नव्हतं. पुढं झुकून ऐकावं लागत होतं, इतकं हळू.

"तुही माय रोज सांगे वं हेमा. पाहा जी, आज हे लागलं. पाहा जी, आज हे फुललं. मी हाव हाव म्हनो अन् कूस बदलो. एक दिवस उठून नाही पाह्यलं." त्यांनी आंगणाकडे हात केला. "आता यातलं तिनं कोनतं लावलं अन् आपोआप कोनतं आलं, मले काय मालूम? तुही माय गेल्यावर उपटाले बसलो होतो एक दिवस. हाती धरलं अन् मनात आलं, हे तिचंच निघालं तं? मंग दुसरं धरलं. तेबी तसंच. हात चालत नाही वं माहा. म्हनून राहू देतो."

मला तर भडभडून आलं. इतकी वर्षं हा माणूस 'राहू दे, ओळखीचं असन' म्हणत होता आणि आम्ही सगळे हसत होतो. मी सगळ्यांत जास्त. मी मशीनवर बसून गिऱ्हाइकांना त्याची नक्कल करून दाखवायची!

ड्रायव्हरनं मशीनची किल्ली फिरवली. "मैं जरा चाय पी के आता हूँ," म्हणाला. आणि चहा प्यायला तो जेसीबीसकट गेला. पुन्हा आला नाही. जाताना गुच्छ समोरच्या काचेपाशी उभा करून ठेवला होता, तो वळणापर्यंत दिसत होता.

हेमाताईनं डोळे पुसले, पदर खोचला आणि वाकून बागेत शिरली. काकाजी मागोमाग. भिंतीपाशी उभी राहून मी सगळं पाहत होते. शेजारधर्म आहे तो.

"बाबूजी, ही कण्हेर बघा. ही आईनं आमगावहून आणली होती, मामाच्या घरून. मी सोबत होते. मामी मागून ओरडत होती आणि आम्ही दोघी पळत होतो." काकाजींनी कण्हेरीच्या खोडाला हात लावला. "हा मोगरा तिचाच. ही जास्वंद दवाखान्यातली, मी झाले तेव्हाची, असं ती सांगायची." काकाजी एकेका झाडापाशी थांबत होते. तिथंच राहणारा माणूस, पण नव्या ठिकाणी आल्यासारखा पाहत होता. हेमाताई पुढं सरकली. "आणि हे बघा, हे तर..."

काकाजींनी तिचा हात दाबला. "बस. आता नको सांगू."

"काऊन?"

"हे तिचं, ते तिचं, असं सारं निवडून देशीन, तं बाकीचे परके होतीन ना वं. एवढ्या सालाचे सोबती हायेत माहे. त्याइले आता कोन्या तोंडानं सांगू, का तुमी कोनीच नाही?" मग नेहमीसारखा एक हात वर केला. "राहू दे. सारेच ओळखीचे असतीन."

हेमाताई रडता रडता हसायला लागली. म्हणाली, "बाबूजी, मंडप कुठं टाकू मग? तुमच्या डोक्यावर?"

मंडप रस्त्यावर टाकला. तसंही आमच्याकडे अर्धी लग्नं रस्त्यावरच लागतात. आमचं फाटक काढून आमचं आंगण त्यात जोडलं आणि विशेष म्हणजे ते फाटक ह्यांनी न सांगता काढलं. मी दोन वेळा डोळे चोळून पाहिलं.

गोंदियाहून दुकानातले, चमकी लावलेले गुच्छ मागवायचं ठरलं होतं, ते हेमाताईनं रद्द केलं. साक्षगंधाच्या सकाळी आम्ही सगळ्या बायका काकाजींच्या ओट्यावर. काकाजी फुलं तोडून देत होते, आम्ही बांधत होतो. मुख्याध्यापिका बाईसुद्धा आल्या आणि येताना स्वतःची कातरणं घेऊन आल्या. म्हणाल्या, "यावेळी मीच आणलीत. उगाच बाह्या आखूड नकोत." सगळ्या हसल्या. मीही हसले, काय करता!

पाहुणे आले. मुलाच्या वडिलांच्या हातात काकाजींनी गुच्छ दिला आणि असं दणदणीत "स्वागत आहे!" म्हणाले की बँडवाला थबकला. आवाज परत आला होता. मुलाच्या वडिलांनी गुच्छ फिरवून पाहिला. "हे तं बेशरम आहे जी," ते म्हणाले. "हाव," काकाजी म्हणाले, "पण फुललं कसं, पाहा ना!" त्यांनी पुन्हा पाहिलं. म्हणाले, "आमच्या धानाच्या बांधीवर ढीगभर आहे. असं हाती घेऊन कधी पाह्यलं नाही." आणि तो गुच्छ त्यांनी जेवतानासुद्धा मांडीवर ठेवला होता. मुंग्या चावल्या असणार, पण माणूस खानदानी, बोलला नाही.

दिवस कलला, पाहुणे निघाले, भांडी वाजायला लागली. मी आणि हे भिंतीपाशी चहा घेत उभे होतो. पलीकडे काकाजी आले. हातात उरलेला एक गुच्छ. भिंतीलगतच्या बेशरमाला त्यांनी हलकेच थोपटलं. सगळी फुलं त्यांनी सकाळीच तोडली होती, एक कळी तेवढी राहिली होती.

"सुनबाई, हेमाले या झाडाचं इचाराचं राहिलं," ते म्हणाले. त्यांच्या मानानं हळू, म्हणजे समोरच्या घरापर्यंतच. "नाही इचारलं तेच बरं. पण मले वाटते, हे तं पक्कं तिचंच असन. नाही का?"

ह्यांनी कप तोंडापासून बाजूला केला. "काकाजी, ते तर मी..."

मी ह्यांच्या दंडाला असा चिमटा काढला की उरलेला चहा भिंतीवर सांडला.

कारण मला एकाएकी आठवलं होतं. भिंत झाली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. बोअर आटली होती, गुंडभर, हंडाभर पाण्यासाठी रांग होती. आणि देवका काकी भिंतीपाशी बसून त्या फेकलेल्या फांद्यांना लोट्यानं पाणी घालत होत्या. मी म्हटलं होतं, "काकी, बेशरमाला कोणी पाणी घालते का? ते मरत नाही काही केल्या." काकींनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं होतं. "मरत नाही म्हनून का तहान लागत नाही वं?" म्हणाल्या आणि उरलेलं पाणीही त्यालाच घातलं.

काकाजी माझ्या उत्तराची वाट पाहत होते.

"हो काकाजी," मी म्हटलं. "काकींचंच आहे. पाणी घालताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."

काकाजींनी माझ्याकडे पाहिलं. झाडाकडे पाहिलं. मग त्यांनी हातातला गुच्छ भिंतीवरून माझ्या हातात दिला आणि छाती भरून म्हणाले, "अभिनंदन!"

समोरच्या घरातली बाई धावत बाहेर आली. "काय जी, आता कोण पास झालं?"